एसएचपी-२ आणि त्याचे जोडीदार: संकेतवहनातील एका एन्झाइमच्या परस्परक्रिया कशा वाचाव्यात

पेशीतील संकेतवहनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा एखादे प्रथिन नेमून दिले जाते आणि ते कोणाकोणाशी जोडले जाते हे शोधायला सांगितले जाते. तो डेटाबेसमध्ये नाव टाकतो, पडद्यावर बिंदू आणि रेषांचे जाळे उमटते, त्याचे चित्र सादरीकरणात जाते आणि काम झाल्यासारखे वाटू लागते. वास्तविक त्या जाळ्यातील एकही रेषा तोवर वाचलेली नसते. कोणाचा कोणता भाग कोणाच्या कोणत्या भागाला धरतो, कोणत्या अवस्थेत धरतो आणि धरल्यानंतर काय बदलते, हे कळल्यावरच दोन प्रथिनांमधली रेषा काही सांगू लागते. या वाचनाची पद्धत येथे मानवी एसएचपी-२ या एकाच एन्झाइमच्या आधारे पायरीपायरीने मांडली आहे.

हेच एन्झाइम निवडण्याला कारण आहे. एसएचपी-२ हे टायरोसिन फॉस्फॅटेज आहे, म्हणजे प्रथिनांतील टायरोसिन या अमिनो आम्लावर किनेजने (फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमने) बसवलेला फॉस्फेट गट ते काढून टाकते. वाढघटकांचे रिसेप्टर टायरोसिनवर फॉस्फेट बसवूनच संकेत सुरू करत असल्यामुळे, फॉस्फेट काढणारे एन्झाइम संकेत बंद करत असेल असा अंदाज कोणीही बांधेल. प्रत्यक्षात बहुतेक वाढघटकांचा संकेत रास आणि ईआरके या वाटेतील पुढच्या प्रथिनांपर्यंत पूर्ण जोराने पोहोचण्यासाठी एसएचपी-२ आवश्यक असते, आणि हे जनुक दोन्ही प्रतींतून काढून टाकलेले उंदीर गर्भावस्थेतच मरतात. जेथे पहिलाच अंदाज उलटा ठरतो, तेथे रेषा नीट वाचण्याची सवय लवकर लागते.

पायरी पहिली: नाव आणि क्रमांक पक्के करा

हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या चुकांपैकी बऱ्याच येथेच जन्म घेतात. एसएचपी-२ हे प्रथिनाचे रूढ नाव आहे. ते तयार करणाऱ्या जनुकाचे अधिकृत नाव पीटीपीएन-११ असून ते बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १२क्यू२४.१३ या ठिकाणी आहे. हे एन्झाइम वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधले असल्यामुळे जुन्या शोधनिबंधांत ते एसएच-पीटीपी-२, पीटीपी-१डी, पीटीपी-२सी किंवा सिप या नावांनी भेटते. फळमाशीतील त्याच्या समकक्ष जनुकाला कॉर्कस्क्रू म्हणतात. केवळ आजच्या नावाने शोध घेतल्यास सुरुवातीच्या काळातील अतिशय मोलाचे काम हाती लागत नाही.

याच्या उलट धोकाही तेवढाच मोठा आहे, कारण दिसायला सारखी असलेली तीन नावे शोधात मिसळतात. एसएचपी-१ हे त्याचे जवळचे भाऊबंद आहे. त्याचे जनुक पीटीपीएन-६, ते प्रामुख्याने रक्तपेशींत आढळते आणि बहुतेक ठिकाणी संकेत दडपण्याचे काम करते. एसएचआयपी-२ हे पूर्णपणे वेगळे एन्झाइम असून ते प्रथिनांवरील नव्हे तर लिपिडवरील फॉस्फेट काढते. नुसते एसएचपी असे लिहिलेले असेल तर तो बहुधा एनआर०बी२ हा केंद्रकातील रिसेप्टर असतो. मजकुरातून आपोआप वेचलेल्या माहितीत या चौघांची सरमिसळ होऊ शकते. म्हणून शोध नेहमी जनुकाच्या अधिकृत नावाने, मानवी प्रजाती निवडून घ्यावा आणि युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधील क्यू०६१२४ या ओळखक्रमांकाशी ताडून पाहावा.

आता अमिनो आम्लांचे क्रमांक. साहित्यात सर्वाधिक वापरले जाणारे मानवी रूप ५९३ अमिनो आम्लांचे आहे. परंतु ५९७ अमिनो आम्लांचे एक रूपही नोंदलेले आहे आणि त्यातील चार जास्तीची अमिनो आम्ले उत्प्रेरक डोमेनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या प्रत्यक्ष फॉस्फेट तोडणाऱ्या भागात, येतात. त्यामुळे त्या जागेनंतरचा प्रत्येक क्रमांक चारने सरकतो. सक्रिय स्थानातील सिस्टीन एका निबंधात ४५९ असते तर दुसऱ्यात ४६३. शेपटीतील टायरोसिन ५४२ आणि ५८० दुसरीकडे ५४६ आणि ५८४ म्हणून येतात. त्या जागेच्या आधीचे क्रमांक, उदाहरणार्थ ६१ किंवा ७६, दोन्हीकडे तेच राहतात. काही प्रतिपिंडांच्या माहितीपत्रकांवर अजूनही मोठे क्रमांक छापलेले दिसतात, आणि नवखा अभ्यासक ५४२ व ५४६ ही दोन वेगळी ठिकाणे समजून दोन वेगळे निष्कर्ष लिहून मोकळा होतो. आपल्या वहीच्या पहिल्या पानावर आपण कोणते रूप धरले आहे हे लिहून ठेवावे आणि वाचलेला प्रत्येक क्रमांक त्यात बदलून घ्यावा.

पायरी दुसरी: प्रथिनाचे भाग ओळखा

एसएचपी-२ ची बांधणी चार भागांत समजून घेता येते. सुरुवातीला एसएच-२ प्रकारची दोन डोमेन एकापाठोपाठ येतात. पहिल्याला एन-एसएच-२ आणि दुसऱ्याला सी-एसएच-२ म्हणतात. त्यांच्यानंतर फॉस्फॅटेजचे उत्प्रेरक डोमेन आणि शेवटी एक लवचिक शेपटी. एसएच-२ डोमेनचे काम पकडण्याचे आहे. ज्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलेला आहे तेच ते पकडते, आणि तेही त्या टायरोसिननंतर येणारी अमिनो आम्ले जुळत असतील तरच. एसएचपी-२ च्या एन-एसएच-२ ला फॉस्फोटायरोसिननंतरच्या पहिल्या आणि तिसऱ्या जागी आयसोल्युसिन, व्हॅलिन किंवा ल्युसिन यांसारखी पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले मानवतात.

उत्प्रेरक डोमेनचे काम तोडण्याचे आहे. सिस्टीन ४५९ चा गंधक फॉस्फेटमधील फॉस्फरसवर हल्ला करतो, अर्जिनिन ४६५ फॉस्फेटला जागेवर धरते, ॲस्पार्टिक आम्ल ४२५ निघून जाणाऱ्या टायरोसिनला प्रोटॉन पुरवते आणि फॉस्फेट काही क्षण सिस्टीनलाच चिकटून राहतो. मग पाण्याचा रेणू येऊन त्याला सोडवतो. हे तीन क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढील प्रयोगांत ते पुन्हा येतील.

या पायरीतून एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे: एसएचपी-२ ला पकडण्यासाठी एक जागा आहे आणि तोडण्यासाठी दुसरी. एखाद्या प्रथिनाला ते पकडते म्हणजे त्याच प्रथिनावरील फॉस्फेट तोडते, असे नाही. अनेकदा ते एका प्रथिनाला धरून उभे राहते आणि शेजारच्या दुसऱ्या प्रथिनावर काम करते.

पायरी तिसरी: विश्रांतीची अवस्था डोळ्यांनी पाहा

प्रोटीन डेटा बँकेत २एसएचपी या संकेतांकाची रचना उघडावी. १९९८ मध्ये २ अँगस्ट्रॉम इतक्या स्पष्टतेने प्रसिद्ध झालेली ही रचना एसएचपी-२ समजून घेण्याचा पाया आहे, आणि कोणताही आढावा लेख वाचण्यापूर्वी अर्धा तास या रचनेसोबत घालवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिन्ही डोमेनना वेगवेगळे रंग द्यावेत, मग सिस्टीन ४५९ आणि ॲस्पार्टिक आम्ल ६१ ही दोन ठिकाणे ठळक करावीत. तोंडावर हात ठेवावा तसे एन-एसएच-२ डोमेन उत्प्रेरक डोमेनच्या सक्रिय स्थानावर टेकलेले दिसेल आणि त्याचा एक पाश थेट आत शिरलेला आढळेल. ॲस्पार्टिक आम्ल ६१ याच पाशावर आहे. एन-एसएच-२ ची ही बाजू फॉस्फोटायरोसिन पकडणाऱ्या बाजूच्या विरुद्ध दिशेला आहे, तरी दोन्ही बाजू एकमेकींवर परिणाम करतात. विश्रांतीच्या अवस्थेत पकडण्याची खाच काहीशी मिटलेली असते. योग्य फॉस्फोटायरोसिन तिच्यात बसले की डोमेनचा आकार थोडा बदलतो, पाश सक्रिय स्थानातून सुटतो आणि एन्झाइम उघडते.

यातूनच कळते की एसएचपी-२ च्या बाबतीत परस्परक्रिया आणि सक्रियता या दोन वेगळ्या घटना नाहीत. जोडीदार सापडला तरच एन्झाइम जागे होते. एकाच साखळीवर योग्य अंतरावर दोन फॉस्फोटायरोसिन असतील आणि दोन्ही एसएच-२ डोमेन एकाच वेळी गुंतली तर सक्रियता एका फॉस्फोटायरोसिनच्या तुलनेत बरीच जास्त होते. जोडीदारांची यादी करताना त्या जोडीदारावर अशा किती जागा आहेत हे लिहिण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

रचना पाहताना एक मर्यादाही नोंदवावी. २एसएचपी मध्ये प्रथिनाचा पहिल्यापासून ५२७ व्या अमिनो आम्लापर्यंतचाच भाग घेतलेला आहे. शेपटी त्यात नाही, त्यामुळे टायरोसिन ५४२ आणि ५८० त्या चित्रात शोधूनही सापडणार नाहीत. रचनेत एखादी गोष्ट दिसत नाही याचा अर्थ ती पेशीत नाही असा घेऊ नये. उघडी अवस्था कशी दिसते याची कल्पना हवी असल्यास ग्लुटामिक आम्ल ७६ च्या जागी लायसिन आलेल्या उत्परिवर्तित प्रथिनाची रचना ६सीआरएफ या संकेतांकाने पाहता येते. तीत सी-एसएच-२ फिरून एन-एसएच-२ उत्प्रेरक डोमेनच्या अगदी वेगळ्या बाजूला गेलेले आहे.

पायरी चौथी: जोडीदारांची वर्गवारी करा

आता जाळ्यातील नावे घ्यावीत आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या नात्याने तेथे आले आहे ते लिहावे.

पहिला गट एसएचपी-२ च्या एसएच-२ डोमेननी पकडलेल्या प्रथिनांचा. गॅब-१, गॅब-२, आयआरएस-१ आणि एफआरएस-२ ही जोडणी करणारी प्रथिने, पीडीजीएफ रिसेप्टर, तसेच पीडी-१, पीकॅम-१ आणि सर्प-आल्फा हे पेशीच्या पृष्ठभागावरील रेणू या गटात येतात. दुसरा गट एसएचपी-२ लाच पकडणाऱ्यांचा. त्याच्या शेपटीतील टायरोसिन ५४२ आणि ५८० यांवर फॉस्फेट बसला की ग्रब-२ हे जोडणी करणारे प्रथिन आपल्या एसएच-२ डोमेनने तेथे येऊन चिकटते. म्हणजे पहिल्या गटात पकडणारा हात एसएचपी-२ चा आहे, दुसऱ्यात समोरच्याचा. डेटाबेसमधील रेषा मात्र दोन्हीकडे सारखीच असते. तिसरा गट शेपटीवर फॉस्फेट बसवणाऱ्या किनेजांचा. पीडीजीएफ रिसेप्टर पहिल्या गटाप्रमाणे येथेही येतो, कारण तो एसएचपी-२ ला जागा देतो आणि त्यावर फॉस्फेटही बसवतो.

चौथा गट सब्स्ट्रेटचा, म्हणजे ज्यांच्यावरचा फॉस्फेट एसएचपी-२ प्रत्यक्ष काढते त्यांचा. हा गट सर्वांत महत्त्वाचा आणि ओळखायला सर्वांत कठीण आहे, कारण एन्झाइम आणि सब्स्ट्रेट यांची भेट फार थोडा वेळ टिकते. एसएचपी-२ रासचा संकेत पुढे कसा नेते याची जी स्पष्टीकरणे दिली जातात ती याच गटाशी संबंधित आहेत. एका मार्गात ते रिसेप्टरवरील असा फॉस्फेट काढते ज्यावर रासला बंद करणारे रासगॅप येऊन बसले असते. दुसऱ्या मार्गात ते पॅग या पटलावरील प्रथिनाचा फॉस्फेट काढते. त्यामुळे सीएसके हे किनेज तेथून दूर होते आणि सीएसकेच्या धाकात असलेली सार्क कुटुंबातील किनेजे मोकळी होतात. तिसऱ्या मार्गात रासच्या वाटेला अडथळा आणणाऱ्या स्प्राउटी प्रथिनावरील फॉस्फेट निघतो. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच दिसते: एसएचपी-२ अडथळ्याची खूण पुसते. फॉस्फेट काढणारे एन्झाइम संकेत वाढवते कसे, या सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा येथे होतो. कोणत्या पेशीत कोणता मार्ग प्रभावी आहे हे मात्र त्या त्या पेशीत तपासूनच ठरवावे लागते, एकाचा निष्कर्ष दुसरीवर लादू नये.

पाचवा गट केवळ सोबत्यांचा. रास, ईआरके यांसारखी प्रथिने त्याच वाटेवर पुढे काम करतात म्हणून जाळ्यात दिसतात. त्यांचा एसएचपी-२ शी संबंध खरा आहे, पण त्यावरून थेट स्पर्श गृहीत धरता येत नाही.

पायरी पाचवी: डेटाबेसचा गुणांक काय मोजतो ते समजून घ्या

स्ट्रिंग या डेटाबेसमध्ये प्रत्येक रेषेला ० ते १ यांच्या दरम्यानचा गुणांक असतो. ०.४ म्हणजे मध्यम, ०.७ म्हणजे उच्च आणि ०.९ म्हणजे अत्युच्च, अशी त्याची पातळी ठरवलेली आहे. हा गुणांक विश्वासार्हतेचा आहे: दोन प्रथिनांमध्ये संबंध असल्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. ती एकमेकांना किती घट्ट धरतात याच्याशी त्याचा संबंध नाही. ०.९९ गुणांकाची जोडी ०.६ च्या जोडीपेक्षा अधिक घट्ट असते असे लिहिलेले अहवाल मी वारंवार पाहतो, आणि ही चूक टाळणे अगदी सोपे आहे.

रेषेवर क्लिक केल्यास गुणांक कोणत्या पुराव्यांतून आला ते वेगवेगळे दिसते: प्रयोग, इतर संग्रहांतील नोंदी, मजकुरातील एकत्र उल्लेख, एकत्र अभिव्यक्ती वगैरे. मजकुरातील उल्लेख बंद करून जाळे पुन्हा पाहावे. नंतर मूळ पर्याय बदलून केवळ भौतिक जोडणीचे जाळे निवडावे. प्रत्येक वेळी कोणती नावे गळतात हे पाहिले म्हणजे आपल्या यादीतील पाचवा गट जवळजवळ आपोआप वेगळा होतो. त्यानंतर बायोग्रिड किंवा इन्टॅक्ट येथे जाऊन उरलेल्या प्रत्येक जोडीसाठी मूळ प्रयोगाची पद्धत आणि निबंध शोधावा, आणि फॉस्फेटच्या जागांसाठी फॉस्फोसाइटप्लस पाहावे. तेथे क्रमांकांची पहिली पायरी पुन्हा आठवावी लागेल.

पायरी सहावी: पुराव्याची पद्धत तपासा

पद्धत माहीत नसेल तर पुरावा वाचता येत नाही. को-इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये एक प्रथिन प्रतिपिंडाने ओढले असता दुसरे सोबत आले, तर दोन्ही एकाच संकुलात होती एवढे सिद्ध होते. मध्ये तिसरे प्रथिन असू शकते. एसएचपी-२, गॅब-१ आणि ग्रब-२ यांच्या बाबतीत तर तिघांपैकी कोणाला ओढले तरी उरलेली दोन येण्याची शक्यता असते. बायोआयडीसारख्या पद्धती शेजार सांगतात, स्पर्श नव्हे. शुद्ध केलेल्या प्रथिनांवर किंवा पेप्टाइडवर केलेले उष्णतामापन किंवा सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स यांतून मात्र थेट जोडणी आणि तिची घट्टता दोन्ही कळतात.

यीस्ट टू-हायब्रिड या पद्धतीबद्दल नवख्या अभ्यासकाने विशेष सावध असावे. यीस्टमध्ये मानवी पेशींसारखी खास टायरोसिन किनेजे नाहीत. ज्या जोडण्यांसाठी टायरोसिनवर फॉस्फेट असणे ही पूर्वअट आहे त्या यीस्टमध्ये मुळात घडूच शकत नाहीत, जोवर प्रयोगकर्ता वेगळे किनेज सोबत घालत नाही. म्हणून एसएचपी-२ आणि एखादे प्रथिन यांची जोडी यीस्टच्या मोठ्या चाळणीत आढळली नाही, हा ती जोडी नसल्याचा पुरावा होत नाही. तसेच विश्रांत पेशींतून घेतलेल्या अर्कात जोडी दिसली नाही तर वाढघटक देऊन पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहिल्याशिवाय काही लिहू नये.

पायरी सातवी: एक रेषा शेवटपर्यंत वाचा

सगळ्या रेषा वरवर वाचण्यापेक्षा एक पूर्ण वाचावी. गॅब-१ ही त्यासाठी उत्तम जोडी आहे.

वाढघटक रिसेप्टरला चिकटतो आणि रिसेप्टरच्या आतील टायरोसिनवर फॉस्फेट बसतो. ग्रब-२ आपल्या एसएच-२ डोमेनने तो फॉस्फेट पकडते. गॅब-१ ला मात्र ते आपल्या एसएच-३ डोमेनने आधीच धरून असते, आणि त्या जोडणीला फॉस्फेटची गरज नसते. अशा रीतीने गॅब-१ रिसेप्टरजवळ येते आणि त्याच्यावरही फॉस्फेट बसतात. त्यातील टायरोसिन ६२७ आणि ६५९ या दोन जागा एसएचपी-२ च्या दोन एसएच-२ डोमेनसाठी आहेत. दोन्ही डोमेन गुंतली की पाश सुटतो आणि एन्झाइम पटलाजवळ उघडते. म्हणजे एकाच घटनेत त्याला जागा आणि जाग दोन्ही मिळतात. गॅब-१ मधील या दोन टायरोसिनच्या जागी फिनाइलअलॅनिन घातल्यास त्याला एसएचपी-२ पकडता येत नाही आणि ईआरकेपर्यंतचा संकेत दुबळा पडतो.

आता वहीतील नोंद अशी होईल: पकडणारा भाग एसएचपी-२ ची दोन्ही एसएच-२ डोमेन, पकडली जाणारी जागा गॅब-१ चे टायरोसिन ६२७ आणि ६५९, अट म्हणजे दोन्हींवर फॉस्फेट, परिणाम म्हणजे एन्झाइमचे उघडणे आणि रासची वाट मोकळी होणे, आणि खंडन करणारे उत्परिवर्तन म्हणजे दोन्ही टायरोसिनच्या जागी फिनाइलअलॅनिन. प्रत्येक जोडीसाठी हे पाच रकाने भरावेत. जो रकाना रिकामा राहील तोच पुढच्या प्रयोगाचा विषय असतो.

पायरी आठवी: रोगांतील उत्परिवर्तनांवर आपली समज पारखा

२००१ मध्ये नूनन सिंड्रोम या जन्मजात विकारात पीटीपीएन-११ ची उत्परिवर्तने सापडली, आणि या सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या रुग्णांत हेच जनुक कारणीभूत असते. यातील अनेक बदल एन-एसएच-२ आणि उत्प्रेरक डोमेन यांच्या सांध्यावर आहेत. सांधा सैल झाल्याने एन्झाइम गरजेपेक्षा लवकर उघडते. ग्लुटामिक आम्ल ७६ च्या जागी लायसिन येण्याने सांधा फारच ढिला होतो. असे तीव्र बदल जन्मजात स्वरूपात न दिसता बहुधा रक्तपेशींत नंतर घडतात आणि लहान मुलांतील जुव्हेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमियात आढळतात. हा संबंध २००३ मध्ये दाखवला गेला. तिसरी पायरी नीट केली असेल तर हे सर्व २एसएचपी च्या चित्रावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

खरी परीक्षा लेपर्ड सिंड्रोम या दुसऱ्या जन्मजात विकाराची आहे. त्यात टायरोसिन २७९ च्या जागी सिस्टीन किंवा थ्रिओनिन ४६८ च्या जागी मेथिओनिन आलेले असते. ही दोन्ही ठिकाणे उत्प्रेरक डोमेनमध्ये आहेत आणि येथे फॉस्फेट काढण्याची क्षमता वाढत नाही, घटते. तरीही रुग्णांतील लक्षणे नूननशी बरीच जुळतात. या बदलांमुळे सांधाही सैल होतो, हे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे: एन्झाइम तोडण्यात दुबळे, पण पकडण्यास अधिक तयार असते आणि जोडीदारांवर जास्त वेळ टिकून राहते. पकडणे आणि तोडणे वेगळे मोजण्याची गरज याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते. केवळ सक्रियता मोजणारा अभ्यासक येथे हमखास फसेल.

पायरी नववी: एकच हात, वेगवेगळे पाहुणे

एसएच-२ डोमेन फॉस्फोटायरोसिन पाहते, ते कोणाचे आहे हे विचारत नाही. टी पेशींवरील पीडी-१ मध्ये टायरोसिन २४८ भोवतीचा क्रम एसएचपी-२ ला ओढून घेतो आणि तेथे हेच एन्झाइम संकेत दडपण्यास मदत करते. २०१७ मध्ये असे दाखवले गेले की सीडी-२८ हा सहउत्तेजक रिसेप्टर त्याचे प्रमुख लक्ष्य आहे. मात्र टी पेशींतून एसएचपी-२ काढले तरी पीडी-१ चा परिणाम पूर्णपणे जात नाही असेही उंदरांत दिसले आहे, कारण भाऊबंद एसएचपी-१ त्या जागी येऊ शकते. एसएचपी-२ संकेत वाढवते की घटवते, हा प्रश्न म्हणूनच जोडीदाराचे नाव घेतल्याशिवाय विचारू नये.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जिवाणू तर आपले कॅगए हे प्रथिन पेशीत टोचतो. पेशीचीच सार्क कुटुंबातील किनेजे त्यावर फॉस्फेट बसवतात आणि एसएचपी-२ त्याला घरचा जोडीदार समजून पकडते. ही जोडणी २००२ मध्ये दाखवली गेली. पूर्व आशियातील जिवाणूंच्या कॅगए मधील फॉस्फेटच्या जागेभोवतीचा क्रम एसएचपी-२ ला अधिक जुळतो आणि पाश्चात्त्य जिवाणूंच्या कॅगए पेक्षा घट्ट पकडला जातो.

पायरी दहावी: प्रयोगाला हात घालण्यापूर्वी

पेशी फोडताच अर्कातील फॉस्फॅटेजे मोकळी होतात आणि आपल्याला हव्या असलेल्या फॉस्फोटायरोसिनवरचे फॉस्फेट भराभर काढतात. म्हणून एसएच-२ ने पकडलेले जोडीदार पाहायचे असतील तर बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट, साधारणपणे १ मिलिमोलर, घालतात. ते आधी तयार करावे लागते: द्रावणाचा पीएच १० करावा, पिवळेपणा जाईपर्यंत उकळावे, थंड झाल्यावर पीएच पुन्हा १० वर आणावा आणि रंगहीन द्रावण स्थिर होईपर्यंत हेच करावे. पिवळा रंग व्हॅनेडेटचे रेणू एकत्र येऊन गट झाल्याची खूण आहे, आणि तसे द्रावण फॉस्फॅटेजांना नीट रोखत नाही. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनेडेट निष्प्रभ होते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सब्स्ट्रेट शोधायचे असतील तेव्हा मात्र हेच व्हॅनेडेट घात करते. तेथे सिस्टीन ४५९ च्या जागी सेरिन, किंवा त्यासोबत ॲस्पार्टिक आम्ल ४२५ च्या जागी अलॅनिन असलेले प्रथिन वापरतात. ते सब्स्ट्रेटला सक्रिय स्थानात धरते पण तोडू शकत नाही, त्यामुळे एरवी क्षणभर टिकणारी भेट पकडता येते. व्हॅनेडेट त्याच सक्रिय स्थानात जाऊन बसत असल्याने सापळ्यातील सब्स्ट्रेट हाकलून देते. म्हणून अर्कातील इतर फॉस्फॅटेजे आयोडोॲसिटिक आम्लाने निकामी करतात, उरलेले आयोडोॲसिटिक आम्ल डीटीटीने शमवतात आणि मग सापळ्याचे प्रथिन मिसळतात. व्हॅनेडेट मुद्दाम घातलेली एक वेगळी नळी मात्र ठेवावी. तीत जोडीदार सुटला तर तो सक्रिय स्थानातच होता, तीतही चिकटून राहिला तर तो एसएच-२ ने धरलेला असण्याची शक्यता जास्त.

सक्रियता मोजण्यासाठी पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा सोपा पदार्थ आहे. फॉस्फेट निघाल्यावर येणारा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर मोजतात. पूर्ण लांबीचे एसएचपी-२ बंद अवस्थेत असल्याने रंग अगदी फिका येतो, आणि नवखा अभ्यासक प्रथिन खराब झाले असे समजतो. दुहेरी फॉस्फोटायरोसिनचे पेप्टाइड घालून रंग वाढतो का ते आधी पाहावे. केवळ उत्प्रेरक डोमेन सोबत चालवल्यास तुलना लगेच कळते.

रोधक वापरायचा असेल तर सक्रिय स्थानाला चिकटणारे जुने रेणू टाळावेत, कारण टायरोसिन फॉस्फॅटेजांची सक्रिय स्थाने एकमेकांसारखी असतात. २०१६ मध्ये आलेले एसएचपी-०९९ तिन्ही डोमेनच्या मधल्या बोगद्यात बसते आणि एन्झाइमला बंद अवस्थेतच जखडते. त्याची रचना ५ईएचआर या संकेतांकाने पाहता येते. बंद अवस्थेला धरून ठेवणे हेच त्याचे काम असल्यामुळे, ७६ व्या जागेच्या बदलासारखी जी रूपे बहुतेक वेळ उघडीच असतात त्यांच्यावर त्याचा परिणाम कमी होतो. पेशींवर दिसलेला परिणाम खरोखर एसएचपी-२ मुळेच आहे का, हे ठरवण्यासाठी थ्रिओनिन २५३ च्या जागी मेथिओनिन आणि ग्लुटामिन २५७ च्या जागी ल्युसिन असलेले रूप त्याच पेशींत घालावे. हे रूप एसएचपी-०९९ ला दाद देत नाही पण काम करत राहते. त्याच्या उपस्थितीत ईआरकेचा संकेत पूर्ववत झाला तर परिणाम एसएचपी-२ चा, आणि झाला नाही तर रोधक आणखी कोणाला तरी लागू होत आहे, असे धरून शोध पुढे न्यावा.